तटबंदीचं तोंड कुणीकडे?

कुठलाही किल्ला पाहताना एक प्रश्न आपोआप मनात येतो: शत्रू कुठून येणार होता? तटावर उभं राहायचं, तोफेचं तोंड ज्या बाजूला असेल तिकडे बघायचं, आणि उत्तर मिळतं. फिनलंडमधल्या लाप्पेनरांता या गावाच्या किल्ल्यात मात्र हा प्रश्न विचारला, की आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: कुठल्या साली?

१७४० साली विचारलं असतं, तर तटावरच्या स्वीडिश शिपायानं पूर्वेकडे बोट दाखवलं असतं. शत्रू म्हणजे रशिया. १७५० साली त्याच तटावर रशियन शिपाई उभा होता आणि त्याचं बोट पश्चिमेकडे होतं. शत्रू म्हणजे स्वीडन. १८५० साली कुणी म्हणालं असतं, शत्रू कसला, आत तर कैदी बायका सूत कातताहेत. आणि १९१८च्या उन्हाळ्यात तटाच्या आत कोंडलेले लोक त्याच देशाचे नागरिक होते, ज्याचे पहारेकरी.

टेकडी तीच होती आणि समोरचं सरोवरही तेच. सरहद्द तेवढी सरकत होती. गाव जागचं हललं नाही, पण तीनशे वर्षांत त्याच्याभोवतीचा देश पुन्हापुन्हा बदलत गेला. सरहद्द सरकली की माणसांचं काय होतं, हे समजून घ्यायला मला तरी या किल्ल्याइतकी सोयीची जागा दुसरी सापडली नाही. अर्ध्या दिवसात सगळा पायी फिरून होतो.

गवताचा किल्ला

लाप्पेनरांता फिनलंडच्या आग्नेय कोपऱ्यात आहे, साइमा सरोवराच्या दक्षिण काठावर. साइमा हे फिनलंडमधलं सगळ्यात मोठं सरोवर. नकाशात ते एखाद्या सांडलेल्या शाईसारखं दिसतं, हजारो बेटं आणि शेकडो फाटे असलेलं. गावाची लोकसंख्या सुमारे ७२ हजार. रशियाची सरहद्द इथून जेमतेम तीसेक किलोमीटरवर. राजधानी हेलसिंकीपेक्षा सेंट पीटर्सबर्ग जवळ पडतं.

मी नोकरीनिमित्त हेलसिंकीत असते. तिथून रेल्वेनं दोन तासांच्या आसपास लागतात. गावातल्या बाजारचौकात गाड्यांवर मांस आणि भात भरलेले तळलेले पाव मिळतात. त्यातला अंडं आणि हॅम दोन्ही घातलेला तो 'वेती', म्हणजे हायड्रोजन. दोन्हीपैकी एकच घातलेला तो 'आतोमी', म्हणजे अणू. अणुयुगात ठेवलेली ही नावं अजून टिकून आहेत. ते खाऊन बंदराच्या कडेनं चढ चढला, की पाचेक मिनिटांत तुम्ही किल्ल्यात असता. किल्ल्याला इथे नुसतं 'लिन्नोइतुस' म्हणतात, म्हणजे तटबंदी.

आपल्या मनात किल्ला म्हटलं की काळ्या दगडाचे बुरुज, महादरवाजा आणि धाप लावणाऱ्या पायऱ्या येतात. इथे त्यातलं काही नाही. दिसतात ते मातीचे रुंद, बुटके उंचवटे आणि त्यांच्यावर वाढलेलं गवत. उन्हाळ्यात लोक त्यावर आईस्क्रीम खात बसलेले असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, किल्ला पडून गेला आणि नुसता ढिगारा उरला.

खरं तर तो मुळातच असा बांधलेला आहे. तोफा प्रभावी झाल्यावर उंच दगडी भिंत हा धोका ठरू लागला. ती लांबून दिसते, गोळा लागला की फुटते आणि तिचे तुकडे आतल्याच माणसांना लागतात. मातीचा जाड बांध गोळा गिळून टाकतो. म्हणून युरोपातले किल्ले १६व्या शतकापासून बुटके आणि रुंद होत गेले आणि त्यांना कोन फुटू लागले. प्रत्येक बाहेर आलेल्या कोनावरून शेजारच्या भिंतीचा पायथा दिसला पाहिजे, आडोसा मिळेल अशी एकही जागा शत्रूला मिळता कामा नये, हा त्यामागचा हिशोब. या कोनांमुळेच तटाला तोंड आणि पाठ असते. कुणाची भीती वाटत होती, ते मातीच्या आकारात लिहिलेलं असतं.

आत एक मुख्य रस्ता आहे, क्रिस्टिनानकातू, म्हणजे क्रिस्टिनाचा रस्ता. गोट्यांची फरसबंदी, दोन्ही बाजूंना पिवळसर बैठ्या बराकी, एक छोटं ऑर्थोडॉक्स चर्च, संग्रहालयं, कुंभारकामाची दुकानं, जुन्या लाकडी घरातलं एक कॅफे. फोटो काढायला फारच छान. पण रस्त्याला जिचं नाव आहे ती क्रिस्टिना स्वीडनची राणी होती, चर्च रशियन आहे आणि दुकानाची पावती फिनिशमध्ये मिळते.

आधी बाजार होता

किल्ल्याच्याही आधी इथे बाजार होता, हे विसरून चालणार नाही. आजचा फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता. राणी क्रिस्टिनाच्या कारकिर्दीत फिनलंडचा गव्हर्नर-जनरल होता काउंट पेर ब्राहे. त्यानं अनेक गावं वसवली. १६४९ साली लाप्पेनरांताला शहराचा दर्जा मिळाला तो त्याच्याच पुढाकारानं.

कारण होतं डांबर. रस्त्यावरचं नव्हे, पाइनच्या लाकडातून काढलेलं. लाकडाचे ढीग रचायचे, वरून मातीनं आणि गवताच्या ढेपांनी झाकायचे आणि कित्येक दिवस मंद आचेवर धुमसत ठेवायचे. खालच्या पन्हळीतून काळा चिकट रस ठिबकत येतो. लाकडी जहाजांच्या काळात या रसाला प्रचंड मागणी होती. जहाजाचा तळ आणि दोरखंड पाण्यात कुजू नयेत म्हणून तो फासायचा. समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या देशांना डांबर लागायचं आणि स्वीडन ते विकायचा.

साइमाच्या काठाकाठानं शेतकरी डांबराची पिंपं होड्यांतून या टोकाला आणत. इथून पुढे खुष्कीच्या वाटेनं सुमारे साठ किलोमीटरवरच्या वीपुरी बंदरात. वीपुरी म्हणजे आजच्या रशियातलं व्हिबोर्ग. सरोवराची वाट जिथे संपते आणि जमिनीची सुरू होते, तिथे बाजार भरणारच. गावाचं फिनिश नाव तेवढंच सांगतं: लाप्पे या परगण्याचा 'रांता', म्हणजे काठ. स्वीडिश नाव जास्त रंगतदार आहे, विल्मानस्ट्रांड, रानटी माणसाचा किनारा. गावाच्या मानचिन्हावर आजही हातात सोटा घेतलेला तो रानमाणूस उभा आहे.

पहिली सत्तर वर्षं या गावाला सरहद्दीची फिकीर करावी लागली नाही. वीपुरीही स्वीडनचंच होतं. गाव वाटेवर होतं, वाट उघडी होती, आणि उघड्या वाटेवरच गावाचं पोट होतं.

सरहद्द चालत आली

१७०० साली स्वीडन आणि रशिया यांच्यात सुरू झालेलं मोठं युद्ध २१ वर्षं चाललं. त्याच काळात झार पीटरनं फिनलंडच्या आखाताच्या टोकाला सेंट पीटर्सबर्ग वसवलं. १७२१ साली नीस्ताद इथे तह झाला आणि वीपुरी रशियाकडे गेलं. लाप्पेनरांता स्वीडनकडे राहिलं. पण जिथे माल पाठवायचा ते बंदर आता परदेशात होतं आणि आपण सरहद्दीवर.

स्वीडननं गावाला नव्या प्रांताचं मुख्य ठाणं केलं आणि टेकडीवर तटबंदीचं काम सुरू केलं. बाजाराच्या डोक्यावर किल्ला आला. तटाचं तोंड रशियाकडे.

वीस वर्षांनी त्याची परीक्षा झाली. स्टॉकहोममध्ये सत्तेवर असलेल्या 'हॅट' नावाच्या पक्षाला १७२१ साली गमावलेला मुलूख परत हवा होता. त्यांनी १७४१च्या उन्हाळ्यात रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, पण तयारी अर्धवट होती. ३ सप्टेंबर १७४१ रोजी (जुन्या रशियन पंचांगानुसार २३ ऑगस्ट) सुमारे दहा हजारांची रशियन फौज लाप्पेनरांतावर चालून आली. तिचा सेनापती पीटर लेसी हा आयर्लंडमध्ये जन्मलेला, पोरवयातच देश सोडून परक्या फौजांत चाकरी धरलेला माणूस. स्वीडिश बाजूला जनरल व्रांगेलच्या हाताखाली सुमारे चार हजार लोक. दिवस संपेपर्यंत व्रांगेल कैद झाला होता आणि गाव पेटलं होतं.

जवळच दुसरी स्वीडिश फौज होती, जनरल बुडेनब्रोकची. ती वेळेवर आली नाही. पुढे युद्ध हरल्यावर स्टॉकहोमला कुणाला तरी जबाबदार धरणं भाग होतं. बुडेनब्रोक आणि सरसेनापती लेव्हेनहाउप्ट या दोघांचा १७४३ साली शिरच्छेद झाला. युद्ध मागणारे राजकारणी मात्र पुढची कित्येक वर्षं सत्तेवर राहिले.

सेंट पीटर्सबर्गमध्ये विजयाचा जल्लोष झाला. रशियन वाङ्मयाच्या आणि विज्ञानाच्या इतिहासातलं मोठं नाव, मिखाईल लोमोनोसोव्ह, यानं या लढाईवर एक स्तुतिकाव्य लिहिलं. ते अर्पण केलं होतं सम्राटाला. सम्राट इव्हान तेव्हा एक वर्षाचा होता. काही महिन्यांतच राजवाड्यात उठाव झाला, पीटरची मुलगी एलिझाबेथ गादीवर बसली आणि त्या बाळाला पदच्युत करण्यात आलं. त्याचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं आणि १७६४ साली तो तुरुंगातच मारला गेला. ज्याच्या नावानं गाव जाळलं, त्याला ते कधी समजलंही नसेल.

तोंड फिरलं

१७४३ साली तुर्कू इथे तह झाला. सरहद्द आणखी पश्चिमेला सरकली आणि लाप्पेनरांता रशियात गेलं. किल्ल्याची जागा तीच, मालक नवा आणि शत्रूची दिशा उलटी.

आमच्या धंद्यात दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला जुना कोड अंगावर पडतो. तो टाकून देता येत नाही, कारण त्यावर सगळं चालू असतं. जसाच्या तसा ठेवताही येत नाही, कारण तो वेगळ्याच गरजेसाठी लिहिलेला असतो. रशियन इंजिनिअरांपुढे स्वीडिश मातीकाम असंच आलं. त्यांनी तट वाढवले, नवे घातले आणि ज्या बाजूला पूर्वी पाठ होती तिकडेही तोफांची सोय केली. १७७२ सालचं पहारेघर अजून उभं आहे. त्यात आता घोडदळाचं संग्रहालय आहे. १७८५ साली सैनिकांसाठी दगडी ऑर्थोडॉक्स चर्च बांधलं गेलं. ते आजच्या फिनलंडमधलं सगळ्यात जुनं ऑर्थोडॉक्स चर्च.

१७८८ साली स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव यानं पुन्हा युद्ध काढलं. दोन वर्षांनी वॅरॅला इथे तह झाला तेव्हा सरहद्द इंचभरही हलली नव्हती. पण राजधानी सेंट पीटर्सबर्गला किती सहज धोका होऊ शकतो, हे सम्राज्ञी कॅथरिनच्या लक्षात आलं. तिनं सेनापती अलेक्सांद्र सुवोरोव्हला इकडे पाठवलं. १७९१-९२ मध्ये त्याच्या देखरेखीखाली आग्नेय फिनलंडभर किल्ल्यांची साखळीच उभी राहू लागली आणि लाप्पेनरांता तिचा एक महत्त्वाचा दुवा बनलं.

सुवोरोव्हच्या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग किल्ल्यात नाही, सरोवरात आहे. लाप्पेनरांता आणि उत्तरेचा ओलाविन्लिन्ना किल्ला, दोन्ही रशियाकडे होते. मधली पाण्याची वाट मात्र एका ठिकाणी स्वीडनच्या हद्दीतल्या सामुद्रधुनीतून जायची. मग रशियानं काय केलं? जमीन खोदून चार छोटे कालवे काढले: कुकोन्हार्यू, कॅयह्क्या, कुत्वेले आणि तेलातायपाले. कुठे दोन-चारशे मीटर, कुठे थोडे जास्त. शत्रूच्या पाण्याला स्पर्श न करता आपल्या होड्या आपल्याच पाण्यातून जाव्यात म्हणून. १७९८ पर्यंत काम पुरं झालं.

आणि अकरा वर्षांनी त्याचा लष्करी उपयोग संपला.

शत्रू नाहीसा झाला, मग किल्ल्याचं काय करायचं?

१८०८ साली रशियानं स्वीडनवर स्वारी केली आणि १८०९च्या हामिना इथल्या तहात अख्खा फिनलंड मिळवला. आता स्वीडनची सरहद्द शेकडो किलोमीटर पश्चिमेला गेली. फिनलंड हे रशियाच्या सम्राटाच्या छत्राखालचं स्वायत्त संस्थान बनलं. १८१२ साली लाप्पेनरांता आणि वीपुरीचा मुलूखही त्या संस्थानाला जोडण्यात आला. किल्ल्याच्या दोन्ही बाजूंना आता एकच सम्राट होता.

ज्या इमारतीत शत्रूला अडवायचं नसतं, तिथे बहुतेक वेळा आपल्याच माणसांना अडकवलं जातं. १८१९ साली किल्ल्यात बायकांचा तुरुंग सुरू झाला. त्याला 'केह्रूहुओने' म्हणत, म्हणजे सूतकताईचं घर. शिक्षा झालेल्या बायका, आणि घरदार किंवा मालक नाही म्हणून 'भटक्या' ठरवलेल्या बायका, दोन्ही तिथे आणल्या जात. सक्तीनं सूत काततील आणि सुधारतील, अशी त्यामागची कल्पना. त्या बायकांची नावं तहनाम्यांत नाहीत, पण किल्ल्याजवळच्या एका रस्त्याच्या नावात त्यांचं काम राहिलं आहे. ती इमारत आता कार्यक्रमांसाठी वापरतात.

गावाला मात्र बरे दिवस आले, कारण वाट पुन्हा उघडली होती. ती रुंदही झाली. साइमाची पातळी समुद्रापेक्षा सुमारे ७६ मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरून जहाजं खाली फिनलंडच्या आखातात उतरवायची, तर मध्ये पाण्याच्या पायऱ्या हव्यात. १८४५ साली काम सुरू झालं आणि ७ सप्टेंबर १८५६ रोजी, सम्राट दुसरा अलेक्झांडर याच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, साइमा कालवा उघडला. २८ जलपाशांच्या पायऱ्या. पाण्यानं भरलेल्या हौदात जहाज घ्यायचं, दार लावायचं, पाणी सोडायचं आणि जहाज पुढच्या पायरीवर. डांबराची पिंपं एकेकाळी जी वाट गाड्यांतून कापत होती, ती आता लाकडानं भरलेली जहाजं कापू लागली. देशाच्या आतल्या भागातली जंगलं जगाच्या बाजाराला जोडली गेली.

याच साम्राज्यानं साठ वर्षांपूर्वी, शत्रूचं पाणी टाळायला, चार कालवे खणले होते. तंत्र तेच, खोरीफावडी तीच. या वेळी मात्र कुणाला टाळायचं नव्हतं.

आतले शत्रू

६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंड स्वतंत्र झाला आणि दोन महिन्यांच्या आत तिथे यादवी युद्ध पेटलं. एका बाजूला कामगारांचे 'लाल', दुसऱ्या बाजूला सरकारचे 'पांढरे'. मे १९१८ पर्यंत पांढरे जिंकले. मग देशभरात सुमारे ८० हजार लाल कैदी छावण्यांत कोंडले गेले. त्यांतल्या बारा हजारांहून जास्त लोकांचा भूक आणि रोगांनी जीव घेतला. लाप्पेनरांताचा किल्ला ही त्यांतली एक छावणी होती. इथेही माणसं उपासमारीनं आणि आजारानं मेली, काहींना गोळ्या घालण्यात आल्या.

स्वीडननं रशियाविरुद्ध आणि रशियानं स्वीडनविरुद्ध बांधलेल्या तटाचा हा वापर दोघांपैकी कुणीही आखलेला नव्हता. नव्या देशानं आपल्या पहिल्याच वर्षी तो शोधून काढला. या युद्धाविषयी फिनिश घरांमध्ये कित्येक दशकं मोकळेपणानं बोललं जात नव्हतं. तटावर उन्हं खात बसलेल्या मुलांना बघताना हे आठवलं की थोडं अवघडल्यासारखं होतं. पण त्यांनी तिथे बसू नये, असं मला वाटत नाही.

एका शहराची प्रतिकृती

किल्ल्याच्या उत्तर टोकाला जुन्या तोफखान्याच्या कोठारांत दक्षिण कारेलिया संग्रहालय आहे. कारेलिया म्हणजे आज फिनलंड आणि रशियात विभागलेला हा सगळा प्रदेश. इथे वेळ राखून जा, कारण आत अख्खं वीपुरी शहर आहे, १:५०० या प्रमाणात. घरं, चर्चं, बंदर, रेल्वेस्टेशन, झाडं. प्रतिकृती २ सप्टेंबर १९३९ या दिवसाचं शहर दाखवते. दुसरं महायुद्ध सुरू होऊन एकच दिवस झाला होता. फिनलंड अजून त्यात नव्हता.

तीन महिन्यांनी, ३० नोव्हेंबर १९३९ रोजी, सोव्हिएत संघानं हल्ला केला. मार्च १९४०च्या मॉस्को तहात वीपुरीसह कारेलियाचा मोठा भाग गेला. चार लाखांहून जास्त माणसं, म्हणजे तेव्हाच्या फिनलंडमधला दर नववा-दहावा माणूस, घरं सोडून पश्चिमेकडे आली. १९४१ साली जर्मनीच्या बरोबरीनं लढताना फिनलंडनं तो भाग परत घेतला. बरेच जण आपल्या गावी परतले, पडलेली घरं उभी केली, शेतं पेरली. १९४४च्या उन्हाळ्यात सगळं पुन्हा गेलं आणि त्याच माणसांना दुसऱ्यांदा निघावं लागलं. लाप्पेनरांता पुन्हा सरहद्दीवर आलं, साधारण तसंच जसं १७२१ साली आलं होतं. साठ किलोमीटरवरचं शेजारचं शहर परत परदेशात.

म्हणून ही प्रतिकृती इथे, या किल्ल्यात असणं मला फार योग्य वाटतं. कुणी तरी एकेक गल्ली आठवून, जुने नकाशे आणि फोटो जुळवून हे शहर पुन्हा मांडलं. आजचं व्हिबोर्ग हे खरं, नांदतं शहर आहे, तिथे तीन-चार पिढ्या रशियन कुटुंबं राहताहेत, त्यांचंही ते घरच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तह मात्र एका वेळी एकाचंच म्हणणं लिहून घेतो.

भाड्यानं घेतलेली वाट

१९४४ नंतर साइमा कालवा मध्येच तुटला. वरचा भाग फिनलंडमध्ये, खालचा सोव्हिएत संघात. पण पुढे जे झालं ते मला या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात धीराचं काम वाटतं. १९६२ साली फिनलंडनं सोव्हिएत हद्दीतला कालवा ५० वर्षांसाठी भाड्यानं घेतला. ज्यानं तो घेतला होता, त्याच्याकडूनच. २८ पायऱ्यांच्या जागी ८ मोठ्या केल्या, तीन फिनलंडमध्ये, पाच पलीकडे. १९६८ साली सुमारे ४३ किलोमीटरचा कालवा पुन्हा सुरू झाला. ऐन शीतयुद्धात. सोव्हिएत संघ मोडला तरी करार टिकला. मुदत संपण्याआधी रशियाशी नवा करार झाला, २०१२ पासून आणखी ५० वर्षांसाठी.

सोव्हिएत संघ गेल्यानंतरच्या तीस वर्षांत लाप्पेनरांता पुन्हा वाटेवरचं गाव झालं. पलीकडून लोक खरेदीला येत. दुकानांत रशियन पाट्या लागल्या. गावातल्या मोठ्या मॉलचं नाव 'इसोक्रिस्टिना', म्हणजे थोरली क्रिस्टिना. स्वीडिश राणीच्या नावाच्या फिनिश मॉलमध्ये रशियन गिऱ्हाईक, हे दृश्य पेर ब्राहेला नक्कीच आवडलं असतं. त्याला इथे बाजारच हवा होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर मोठं आक्रमण केलं. मार्चमध्ये हेलसिंकी ते सेंट पीटर्सबर्ग रेल्वे थांबली. कालव्यातली मालवाहतूक जवळपास बंद पडली. एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड नाटोत गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, रशिया मुद्दाम आश्रय मागणाऱ्यांना सरहद्दीकडे ढकलतोय असं सांगून, फिनलंडनं पूर्वेकडची नाकी बंद केली. लाप्पेनरांताजवळचं नुइयामा हे पहिल्या चारांत होतं. डिसेंबरात दोन नाकी जेमतेम दोन दिवस उघडली आणि पुन्हा बंद झाली. सुमारे १,३४० किलोमीटरची सरहद्द, आणि ओलांडायला रस्ता नाही.

नाकी बंद करण्याच्या निर्णयाला फिनलंडमध्ये मोठा पाठिंबा आहे, आणि वर सांगितलेला इतिहास माहीत असेल तर त्याचं आश्चर्य वाटत नाही. १९३९ विसरायला सांगण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाच नाही. पण किंमत कोण मोजतं, हेही सांगायला हवं. पलीकडे आई असलेली लेक इथे आहे, आणि इथे नातवंडं असलेली आजी पलीकडे. पूर्वी तासाभरात जे अंतर कापलं जायचं, त्याला आता तिसऱ्याच देशातून फिरून जावं लागतं.

तह दुसरीकडे होतात

घरी येऊन मी या गावाला लागू झालेल्या तहांची यादी केली. नीस्ताद, तुर्कू, वॅरॅला, हामिना, मॉस्को, आणि १९४७ साली शेवटचं शिक्कामोर्तब झालं ते पॅरिस. सहा तह. एकही लाप्पेनरांतात झाला नाही. गाव कुठल्या देशात असेल, आणि तटाचं तोंड कुणीकडे असेल, हे दर वेळी दुसऱ्याच कुठल्या तरी खोलीत ठरलं.

गावाच्या वाट्याला आलं ते नंतरचं काम. जळलेली घरं बांधणं, बराकीत संग्रहालय करणं, सूतकताईच्या तुरुंगात गाण्याचे कार्यक्रम करणं, हरवलेलं शहर १:५०० मध्ये मांडणं, आणि वाट बंद असेल तेव्हा ती दुरुस्त ठेवणं. गावाजवळच माल्किया इथे कालव्याची पहिली पायरी आहे. तिच्यात जहाज सुमारे बारा मीटर खाली उतरतं. तिथून सरहद्दीपर्यंतचे वीसेक किलोमीटर फिनलंडचे, पुढचे भाड्याचे.

त्या भाडेकरारावर लिहिलेली मुदत २०६२ पर्यंतची आहे.